उपाशीपोटी

माझी बायको मासेवालीशी भांडायची थांबली, तिथून सगळं सुरू झालं. आधी बांगड्याचे कल्ले उचलून बघितल्याशिवाय ती टोपलीतला एक मासा घ्यायची नाही. मग दिलं तेवढं, सांगितलं त्या भावाने घेऊन गपचूप आत जायला लागली. मासेवाली मला म्हणाली, "वहिनी रागावल्या काय हो माझ्यावर?"

रागावली असती तर बरं होतं. ऐन वैशाखात, आम्ही उघडे बसायचो तेव्हा, ही गोधडी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. केस गळले, आवाज घोगरा झाला. मी मिरजोळ्याच्या कारखान्यातून यायचो तर चूल थंड आणि ही रडत. कशाला रडतेस विचारलं तर तिलाच माहीत नसायचं. वाडीतल्या बायका म्हणाल्या, मुलगा मुंबईला गेला, त्याचा घोर घेतलाय.

शेवटी लेकीने रत्नागिरीत डॉक्टरणीकडे नेलं. रक्त तपासल्यावर कळलं की गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावलीय, आणि तिच्यामुळे अंगासारखं मनही खाली बसतं. गोळी दिली, सकाळी उपाशी घ्यायची.

वर्ष झालं तरी फरक नाही. लेक माहेरी आली, तिने औषधांचा डबा उघडला तर गोळ्यांची पाकिटं तशीच.

"आई, घेत नाहीस?"

"घेत्ये की. दर सोमवारी. उपाशी घ्यायची ना?"

सोमवारी तिचा उपास. लेक हसायला गेली आणि रडली. मला हसू आलं नाही. दर सोमवारी गोळीबरोबर पाण्याचा तांब्या मीच देत होतो. मलाही ते बरोबरच वाटत होतं.

मग रोज घेऊ लागली तशी हळूहळू उठली. पण उठली ती कामाला जुंपल्यासारखी. भांडी घासलेली परत घासायची. पाहुणा नको म्हणाला तरी वाढायची. मी म्हटलं, जरा बस. तर म्हणाली, "इतकी वर्षं लोळून काढली. भरून काढत्ये."

"तू लोळत नव्हतीस, बाई. ती ग्रंथी होती."

"ग्रंथी कुणाची? माझीच ना?"

 लेकीला सांगितलं, तिनेही समजावलं. ही मान हलवायची आणि झाडू उचलायची. पुढच्या साली हृदयविकाराने ती गेली. गोळीने तिचं दुखणं बरं केलं, पण आपण आळशी होतो हे तिच्या डोक्यातून काही निघालं नाही. ते मला काढता आलं नाही. "माझीच ना?" याचं उत्तर अजून शोधतोय.