ठसका
शेजारी कुणी लेकराची दृष्ट काढली, की जळक्या मिरच्यांचा वास येतो आणि माझं डोकं भडकतं. मी आठ वर्षांची होते. रेणापूरजवळ आमच्या शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या गोठ्यापाशी, कडब्याची गंजी पेटली आणि दाव्याला बांधलेलं वासरू माझ्या डोळ्यांदेखत जळालं. तेव्हापासून माझी वाचाच बसली. चौथ्या दिवशी आत्यानं मला पाटावर बसवलं, निखाऱ्यांचं घमेलं पुढ्यात ठेवलं आणि त्यात मीठ-मिरच्या टाकल्या. निखारे बघून मी उठले, तर चुलत्यानं दोन्ही दंड आवळून धरले. आई रडत म्हणाली, “आवो, लेकरू इस्तवालाच भ्यालंय, सोडा तिला!” आत्या तिच्यावरच खेकसली, “गप बस गं! एवढ्या धुरात ठसका न्हाई पोरीला. लई कडक नजर हाय.” ठसका लागेल कुठून? भीतीनं मी श्वासच रोखून धरला होता! घरभर मोठी माणसं होती. पोर श्वास घेईना, हे एकालाही दिसू नये? आता लातूरला मी अशाच भेदरलेल्या लेकरांची समुपदेशक आहे. काल एका बापानं मुकी झालेली पोरगी दंडाला धरून माझ्यासमोर बसवली. “बोल की मॅडमला!” मी म्हणाले, “आधी तिचा दंड सोडा.”