काचेवरचे धागे

सरकीचा वास आला की खामगावचा एक दवाखाना आठवतो. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी तिथे रक्त-थुंकी तपासायचो. मूत्रपिंडाच्या आजारावरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्या एका मुलाचा ताप उतरत नव्हता. त्याच्या थुंकीत भिंगाखाली फाटे फुटलेले धागे दिसले. जिनिंगचा हंगाम होता, खिडकीतून कापूस सतत आत उडायचा. ‘इथं थुंकीतबी कापूस निघते बे,’ असं सोबत्याला हसत म्हणून मी काच पुसली. काही दिवसांनी पुन्हा थुंकी आली तेव्हाही तेच धागे दिसले आणि कापसाला असे फाटे नसतात, ही बुरशी आहे हे ध्यानात आलं. तोवर ती फुप्फुसभर पसरली होती. मुलगा गेला. डॉक्टर त्याच्या आईला म्हणाले, ‘फार उशिरा आणलंस, बाई.’ ती म्हणाली, ‘हाव साहेब, माह्यंच चुकलं.’ मी शेजारीच होतो, बोललो नाही. तिच्या घरच्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर सांगतो, तिने मुलाला वेळेत आणलं होतं.