दारावरचा कागद

मुकुंदराव सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. नदीचं वळण केसभर चुकलं तरी अख्खा कागद पुन्हा काढणारा माणूस! पण १९५३च्या थंडीत कलकत्त्याच्या बालीगंज भागातल्या घराचा जिना चढताना त्यांना धाप लागू लागली, पाय सुजले, तेव्हा हा काटेकोर माणूस दोन महिने 'वात असेल' म्हणून स्वतःचीच समजूत घालत बसला.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "बरोबर कोण आलंय? त्यांना आत पाठवा."

तेव्हाची रीतच तशी होती. दुखणं रोग्याचं, पण सांगायचं नातेवाइकांना. रोग्याने आपलं बाहेर बाकावर बसायचं.

"बरोबर कोणी नाही," मुकुंदराव म्हणाले.

"घरी?"

"घरीही नाही."

डॉक्टर घुटमळले. मग नाइलाजाने त्यांनी सगळं खुद्द रोग्यालाच सांगितलं. हृदय थकलंय, अंगात पाणी साचतंय. मीठ बंद, म्हणजे लोणचं-पापडही बंद. रोज एक गोळी, पण आधी सकाळी नाडी मोजायची. साठाच्या खाली गेली तर गोळी घ्यायची नाही, थेट इकडे यायचं.

"आणि एकदम दम कोंडला, तर आडवं व्हायचं नाही. उशांना टेकून, पाय खाली सोडून बसायचं. तेव्हा तुम्हाला बोलता येणार नाही. हे शेजारी कुणाला तरी माहीत हवं."

मुकुंदरावांना उलट बरंच वाटलं. भीती होती, पण ती कशाची ते आता कळलं होतं. घरी येऊन त्यांनी जाड कागदावर काळ्या शाईने टपोऱ्या अक्षरांत सगळ्या सूचना लिहिल्या आणि दाराला आतून लावल्या. रोजच्या नाडीचा आलेखही काढू लागले. पायांची सूज उतरली.

एका संध्याकाळी दार उघडं होतं. समोर राहणाऱ्या शिक्षिकाबाई थांबल्या. "यह क्या लिखा है?"

मुकुंदराव कागदाकडे बघतच राहिले. सगळं मराठीत! त्या इमारतीत त्यांच्याखेरीज मराठी कुणाला येत होतं? बावीस वर्षं कलकत्त्यात काढली, पण जिवावर बेतलं तेव्हा हात घरच्या भाषेतच चालला होता.

त्यांनी एकेक ओळ हिंदीत सांगितली. बाईंनी नीट ऐकलं, गोळ्या कुठे असतात तेही विचारलं. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "और यह?"

"कमल को खबर कीजिए," मुकुंदरावांनी वाचलं आणि ते थांबले. सरकारी कागदांवर शेवटी बायकोचं नाव लिहायची जुनी सवय. कमलला जाऊन आठ वर्षं झाली होती.

"वो अब नहीं है," ते म्हणाले. कमलबद्दल त्यांना या शहरात आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "तो मेरा नाम लिख दीजिए."

मुकुंदरावांनी टाक शाईत बुडवला. सहा वर्षं समोरासमोर दारं, रोजचा नमस्कार. खाली मान घालून त्यांना विचारावं लागलं, "आपका नाम?"

"लीना."