काकाजींकडे राहिलेला डबा

पडद्यावरचं माणूस रडायच्या आधीच काकाजींचा रुमाल बाहेर यायचा. मूळचे नागपूरकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले काकाजी आमच्या रायपूरच्या कॉलनीचे अध्यक्ष होते. दर रविवारी त्यांच्या हॉलच्या भिंतीवर सिनेमा चाले. सिनेमा त्यांनी निवडलेला, आणि रडणंही मुख्यतः त्यांचंच.

मला ते ‘पर्चेवाली’ म्हणत. बाबा आयुष्यभर पत्रकं छापून वाटत आले, मीही तेच करते. “ये पर्चेवाली, आज कोणाच्या विरोधात आहेस?” हे त्यांचं स्वागत.

एका रविवारी त्यांनी परदेशी सिनेमा लावला. गोरी म्हातारी, शेजारी काळं कुटुंब. मधलं कुंपण ती उंच करत जाते आणि शेवटी स्वतःच पाडते. काकाजी हुंदके देत म्हणाले, “कातडी कोणतीबी असो, शेजारी तो शेजारी! समजलं का पोट्टी?”

समोरच्या घरात वरच्या खोलीत जोसेफ राहायचा, टांझानियाहून शिकायला आलेला. तोही मागे उभा राहून बघत होता. त्याला ‘बस’ म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकाजींकडे असताना जोसेफ स्टीलचा डबा घेऊन आला. नारळाच्या दुधातला भात होता.

“अरे वा, नारळीभात!”

“मीठा नहीं है, काकाजी.”

“हव, हव.” ‘हो’ला ‘हव’ म्हणायचं जोसेफला त्यांनीच शिकवलं होतं.

तो गेल्यावर भात गाईला गेला. “मले आजकाल पचत नाही ना,” काकाजी माझ्याकडे न बघता म्हणाले. डबा घासून ओट्यावर पालथा पडला. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा त्यांचा नियम. आमचा डबा कधी शेवेशिवाय आला नाही. पण जोसेफचा डबा भरून त्या खोलीत घेऊन कोण जाणार? म्हणून तो तिथेच राहिला.

महिन्याभरात ‘लेकीबाळींची कॉलनी आहे, भाडेकरू काढा’ असा अर्ज त्या घरमालकाकडे गेला. पहिली सही काकाजींची. मी तावातावाने त्यांच्याकडे गेले.

“काहून केली सही, काकाजी?”

“सगळेच म्हणून राहिले होते. मी एकटा काय करू?”

“ती म्हातारीही एकटीच होती!”

“तो सिनेमा होता न, माय.”

या एका वाक्यावर मी आजही चडफडते. तेव्हा रागाच्या भरात मी पत्रक लिहिलं, घरोघरी टाकलं. जोसेफच्या खोलीचा जिना मात्र चढले नाही. चढले तेव्हा दाराला कुलूप होतं.

पुढच्या वर्षी काकाजी मुलाकडे नागपूरला निघाले. सामान चढत असताना त्यांनी तो डबा माझ्या हातात दिला. जड होता. आत चिवडा. “रिकामा कसा देऊ? तू पत्ता काढ त्याचा. तुले सापडन.” रुमाल डोळ्यांवर होता. मला दया यायला हवी होती, संतापच आला. माणूस गेल्यावर डबा भरायला यांना कोणी सांगितलं?

जोसेफचा फोन लागत नाही. चिवडा खवट झाला की मी टाकते, ताजा भरते.

परवा त्या खोलीत मणिपूरची एक नर्स राहायला आली. कॉलनीत कुजबुज सुरू झालीच. मी आमचा डबा भरला. जोसेफचा जोसेफसाठीच आहे. आधी जिना चढले. पत्रक अजून लिहायचंय.