प्रार्थनेचा विषय

चौसाळ्याच्या चर्चमध्ये सुंदररावांइतका नम्र माणूस दुसरा नाही. हे तेच सांगतात. दर रविवारी सांगतात, म्हणून कुणाला विसरायची सोय उरलेली नाही. निवृत्त मुख्याध्यापक, चर्चच्या मंडळीतले मानाचे वडीलधारे, पण खुर्ची पुढे केली की हात जोडून म्हणणार, "आपन देवाच्या दारातलं पायपुसनं." आणि बसणार नेमके पहिल्या रांगेत, सगळ्यांना दिसेल असे.

मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या भामाबाईंना या पायपुसण्याचा मनापासून वीट आला होता. भामाबाई शाळेत खिचडी शिजवतात. नवरा गेल्यावर त्याच कामावर त्यांनी एकुलती लेक योगिता वाढवली, बीडला शिकायला ठेवली. उपासनेत देवानं काय केलं याची साक्ष द्यायला सांगितलं तर म्हणायच्या, "देवानं दिलं, आमी खाल्लं," आणि खाली बसायच्या. सुंदरराव त्यावर कीव केल्यासारखं हसायचे.

सुंदररावांचं खरं कसब प्रार्थनेत होतं. चहाडी करणं पाप, हे त्यांना तोंडपाठ. म्हणून ते चहाडी करत नसत, प्रार्थना करत. डोळे मिटून, गळा दाटवून, नावागावासकट. "हे प्रभू, आपला भाऊ धुळाजी चोरून पितो, त्याला बळ दे." धुळाजी शाळेची गाडी चालवायचा. बळ मिळायच्या आधी त्याचं काम गेलं. दारू सोडून त्याला वर्ष होत आलं होतं, हे प्रभूला माहीत असावं, पण शाळेच्या मालकाला नव्हतं. बरं, बोलणार कोण? प्रार्थना चालू असताना मधे तोंड घालणारा म्हणजे सैतानाचा सोयरा. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं, म्हणजे जे मागितलं ते आम्हालाही मान्य. त्या दिवशी सवयीनं भामाबाईही म्हणाल्या होत्या. तेव्हापासून धुळाजी समोरून आला की त्यांची मान खाली जायची.

या साली योगिताचं कडा गावच्या सत्यमशी जमलं. पोरगा साखर कारखान्यात कामाला, घरचे देवभीरू. मंडळीत लग्नाआधी तीन रविवार नवरा-नवरीचं नाव पुकारतात, कुणाची हरकत असेल तर त्यानं तिथंच सांगायची. दोन पुकारी झाल्या. तिसरी ऐकायला सत्यमचे आईवडील स्वतः आले. फाटकापाशी भामाबाई त्यांना सलाम करून आत बसवून आल्या, तोच सुंदररावांनी त्यांना बाजूला घेतलं.

"भामाबाई, योगिताचं बीडला क्लासमधल्या कुन्या पोरासंगं होतं म्हनं?"

"होतं. मोडलं. तिनं सोता पाव्हन्यांना सांगितलंय."

"लई चांगलं केलं. तरी पन पोरीच्या जातीला जपाया पायजे." सुंदररावांनी डोळे बारीक केले. "मी प्रार्थनेत ठेवतो हा विषय."

"कावून?"

"प्रेमापोटी, बाई. दुसरं काय?"

घरात ऐकलेली गोष्ट माणूस गिळतो. तीच चारचौघांत ऐकली की त्याला इज्जत आठवते. सत्यमचा बाप भला होता, पण भल्या माणसालाही गावाकडं परत जायचं असतं. आज हे लग्न मोडलं तर पोरीचं खरं बोलणंच तिच्या गळ्याशी येणार होतं.

पुकारीआधी उपासना चालवणाऱ्या पाळकांनी सवयीप्रमाणे सुंदररावांना प्रार्थनेला उभं केलं. सगळ्यांनी डोळे मिटले. सुंदररावांनी आधी सरकारसाठी मागितलं, मग आजाऱ्यांसाठी, मग स्वतःच्या नम्रतेबद्दल प्रभूचे आभार मानले. भामाबाईंचे डोळे उघडेच होते. पुढं बसलेल्या विहीणबाईंचा पदर त्यांना दिसत होता. मग सुंदररावांचा आवाज एकदम ओलसर झाला. कुणाचा तरी बळी जायचा असला की तो असाच ओलसर व्हायचा.

"हे प्रभू, आज जिची पुकार आहे ती तुझी लेक, बीडला शिकायला असताना..."

"आमेन," भामाबाई म्हणाल्या.

शाळाभर पोरांना ताटावर बसवणारा आवाज तो. "आमेन," सगळी मंडळी म्हणाली. सवयच तशी. डोळे उघडले, कुणी गीतांचं पुस्तक चाळायला लागलं, कुणी पाय मोकळे केले. पाळकांनी चष्मा सारखा केला आणि दोन्ही नावं तिसऱ्यांदा पुकारली. कुणाची हरकत आहे का, म्हणून विचारलं.

सुंदरराव अजून उभेच होते, अर्धवट तोंड उघडं. हरकत सांगायची त्यांना पूर्ण मोकळीक होती. फक्त ती डोळे उघडे ठेवून, माणसांकडं बघून, स्वतःच्या नावावर सांगावी लागणार होती. असं काही त्यांनी जन्मात केलं नव्हतं. ते खाली बसले.

उपासना सुटल्यावर चपला शोधताना त्यांनी भामाबाईंना गाठलं. आता आवाज कोरडा होता. "तुमी माझी प्रार्थना तोडली."

"ऱ्हायलेली घरी करा, मास्तर. दार लावून."

एवढं बोलून त्या फाटकाकडं गेल्या. तिथं विहीणबाई योगिताचा हात धरून उभ्या होत्या, आणि पलीकडं धुळाजी एकटाच होता. भामाबाई आधी त्याच्याकडं गेल्या. या खेपेला त्यांनी मान खाली घातली नाही.

"तुझ्या येळंला बी असंच मधी म्हनाया पायजे होतं रे मी," त्या म्हणाल्या.