माझ्या नावाचं जाकीट

आम्ही दोघं आंदर मावळातल्या एकाच गावचे. तो खालच्या गावठाणातला, जमीनदार घरातला. मी वरच्या वाडीवरचा. फौजेत एकाच दिवशी भरती झालो आणि पुढं एकाच तुकडीत आलो. गावात आमच्या घरांत जे अंतर होतं ते तिथं राहिलं नव्हतं. एका ताटात जेवायचो.

आमच्या जाकिटांच्या छातीवर नावाची कापडी पट्टी शिवलेली असायची. ती असावी की नसावी, यावर बराकीत कायम वाद. तो म्हणायचा, "शत्रूला आपलं नाव कशाला वाचू द्यायचं?" मी म्हणायचो, "आन् गावातल्या लोकांचं काय? आपण त्यांच्या दारात बंदूक घेऊन उभं ऱ्हातो. समोर कोन हाय ते त्यांना कळाया नको?" तो हसायचा. मला ती पट्टी आवडायची, हे खरं. वाडीवर मला कुणी आडनावानं हाक मारली नव्हती, इथं ते छातीवर होतं.

आमची नेमणूक डोंगराळ मुलुखात होती. थंडीचे दिवस. एका सकाळी आम्हाला नाक्यावर गाड्या तपासायला जायचं होतं. त्याचं जाकीट आदल्या दिवशी धुतलेलं, वाळलं नव्हतं. "तुजं घालू का रं?" त्यानं विचारलं. माझ्याकडं जुनं एक जाकीट होतं, पट्टी नसलेलं. मी ते घातलं आणि माझं त्याला दिलं.

मी वाळूच्या पोत्यांमागं पहाऱ्याला होतो. तो रस्त्यावर. बाकीचे वळणापलीकडं. एक म्हातारा दूधवाला सुनेला मागं बसवून स्कूटरवरून आला. थांब म्हटल्यावर त्याला ऐकू आलं नसावं, तो थोडा पुढं जाऊन थांबला. माझ्या मित्रानं त्याला खाली ओढलं आणि कानफटात मारली. दुसरीही मारली. म्हातारा रस्त्यात बसला, दूध सांडलं. मी ओरडलो, "आरं, सोड त्याला!" तेव्हा तो बाजूला झाला.

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचा मुलगा तक्रार घेऊन आला. मारणाऱ्याच्या तोंडाला थंडीचं फडकं होतं, चेहरा कुणी पाहिला नव्हता. पण सुनेनं छातीवरचं नाव वाचलं होतं. कागदावर माझं नाव होतं.

साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. मी म्हणालो, ते जाकीट माझं, पण माझ्या अंगावर नव्हतं. साहेबांनी विचारलं, मग कुणाच्या अंगावर होतं? मी त्याच्याकडं पाहिलं. तो आता बोलेल, अशी माझी खात्री होती. तो समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. शेवटी मीच त्याचं नाव घेतलं. साहेबांनी त्याला विचारलं, तेव्हा म्हणाला, "मी माझंच जाकीट घातलं होतं, साहेब."

मला अठ्ठावीस दिवसांची कैद झाली. बढती गेली. सुटून आलो तेव्हा तो बराकीबाहेर भेटला. मी एवढंच विचारलं, "का?"

"तुज्या घरचं काय बिघडनार हाय?" तो म्हणाला. "आमच्या घराला गावात नाव हाय."

दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या तुकडीत बदली मागून घेतली.

आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत. गेल्या वर्षी कामशेतला माजी सैनिकांचा मेळावा झाला. कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, लढाईच्या गणवेशावर जवानाचं नाव असावं का? तो व्यासपीठावर होता. म्हणाला, "नसावं. नावामुळं जवान अडकतो." टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत उभा राहिलो आणि म्हणालो, "असावं. पण ज्याचं त्याच्याच छातीवर." आणि नाक्यावरची सगळी हकिकत सांगितली. तो म्हणाला, "ह्यो विषय आता कशाला?" खोटं आहे असं मात्र म्हणाला नाही.

बाहेर त्याची बायको माझ्यामागं आली. "भाऊ, हे खरं हाय?"

"व्हय."

ती म्हणाली, "ते तवाच रजेवर आलते, तर गावभर सांगितलं, तुमी एका म्हाताऱ्याला मारलं म्हनून. तुमच्या आईला बी त्यांनीच सांगितलं. मी हुते तितं."

मला वाटत होतं, ती बातमी फौजेच्या कागदानं घरी गेली. पुढं मी रजेवर गेलो तेव्हा आईनं मला एकदाच विचारलं होतं, "म्हाताऱ्या मान्सावर हात टाकलास व्हय रं?" मी न्हाई म्हणालो. तिनं मान हलवली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता की नाही, ते मला कळलं नाही. ती जाऊन आता सहा वर्षं झाली.

त्यानं गाडीतून बायकोला हाक मारली. ती गेली नाही. माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आली.