सरांची वाकडी ज्योत

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर जन्माला आले तेच मुळी वाकड्या गोष्टींवर जीव लावायला. लग्नात ते नवरदेवाकडे नाही, मांडवातल्या फडफडणाऱ्या ट्यूबलाइटकडे टक लावून बसत. मी इतिहासाचा मास्तर, तरी मला स्टँडवर गाठून सांगत, "वायू इतका तापला की त्यातून वीज वाहते, मंग त्याला प्लाझ्मा म्हणायचं. त्या प्रवाहाला जरा बाक आला की बाकाच्या आतल्या अंगाला त्याचाच चुंबकी जोर दाटतो, आन् बाक आणखी बाहेर ढकलतो. स्वतःच स्वतःला मोडून राह्यला बघा!" हे ऐकण्यात माझी जालन्याची एस.टी. दोनदा गेली.

सत्तरच्या दशकात आमच्या शाळेत वीज नव्हती. म्हणून सर मुलांना शहागडला, हमरस्त्यावरच्या वेल्डरभाईंच्या दुकानात नेत आणि काळ्या काचेतून वेल्डिंगची ज्योत दाखवत. तोच सरांचा प्लाझ्मा. ट्रकचा कोपरा जोडताना ती एका अंगाला पळे. भाई वैतागून अर्थिंगची पकड, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा चिमटा, दुसरीकडे लावत, की ज्योत सरळ. सर ओरडत, "भाई, राहू द्या ना वाकडी!"

एकदा शाळेच्या तपासणीचे साहेब आले, तर सरांनी त्यांनाही भाईंच्या दुकानात नेलं. त्यांच्या शेऱ्यावर प्रयोगशाळेची खोली ठरणार होती, आणि सर दहा वर्षं तिच्याच वाटेकडे डोळे लावून बसले होते. भाईंनी पकड बराबर जागी लावली. ज्योत अशी सरळ उभी राहिली, की मी मनातल्या मनात खोलीला चुनासुद्धा देऊन टाकला. साहेब म्हणाले, "वा!" आता थांबावं की नाही माणसानं? पण सरांच्या अंगात आलं. "साहेब, खरी गंमत तर पुढंच हाय!" त्यांनी पकड पार कडेला लावायला लावली. ज्योत वाकली, फुरफुरली, विझली. पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी लिहिलं, 'प्रयोग अयशस्वी.'

"गप बसला असता तर खोली आली असती की हो!" परतताना मी चिडून म्हणालो.

"आली असती. पण पोरान्ला निम्मंच दिसलं असतं, मंग?"

माझ्याच्यानं पुढं रागावणं झालं नाही.

खोली आली नाही ती नाहीच. सर निवृत्त होऊन केदारखेड्याला गेले आणि तिथंच वारले. परवा भाईंच्या दुकानात खिळ्याला त्यांची काळी काच दिसली, म्हणून मी ती काढायला हात घातला.

"रहने दो गुर्जी, मास्तरची हाय," भाई म्हणाले. "पोरं आल्ती रविवारी. मी वाकडी ज्योत दावली त्यान्ला."

मला सरांची फार आठवण आली. मी ती काच डोळ्यांना लावली आणि म्हणालो, "भाई, पकड जरा कडेला घ्या."